साचाखात्यापासून शोरूमपर्यंत : गिरणगावात ‘स्वतंत्र’ कोण झाले?

लोअर परळच्या कायापालटाची एक ठरलेली गोष्ट सांगितली जाते. गिरण्या आजारी पडल्या, 1982 चा संप झाला, भाग उजाड झाला. मग काही कल्पक लोक आले. त्यांनी पडक्या शेडमध्ये बुटीक, फर्निचरची दालने, कॅफे आणि संगीताचे क्लब उघडले आणि मेलेल्या गिरणगावात पुन्हा जीव आला. वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्यांनी ही गोष्ट इतक्यांदा छापली की आपल्या वस्तीतली तरुण पोरेही आता तीच सांगू लागली आहेत.

आमचा या गोष्टीवर आक्षेप आहे. मॉल नको, जुन्या गिरण्याच बऱ्या होत्या, असे रडगाणे आम्हाला गायचे नाही. गिरणीने आपल्या बापजाद्यांना पगार दिला, पण त्याच गिरणीने त्यांना जातही दाखवली. आमचा प्रश्न सरळ आहे. कापडाचा कारखाना जाऊन कपड्यांचे दुकान आले, तेव्हा मालकी, चांगले काम आणि जमीन यांच्या वाटणीत काय बदलले? याचे उत्तर शोधायचे तर मॉलच्या काचेपासून सुरुवात करून चालणार नाही. मागे, साचाखात्यापर्यंत जावे लागेल.

धोटा आणि विटाळ

कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची ताडदेवची गिरणी 1856 मध्ये सुरू झाली. तिथून पुढच्या काही दशकांत ताडदेव, भायखळा, लालबाग, परळ, वरळी, दादर असा गिरण्यांचा पट्टा उभा राहिला. कोकणातून, घाटावरून माणसे आली. त्यांत गावकीच्या जाचाला कंटाळलेली आपली माणसेही होती. शहरात पाटील नाही, येसकरकी नाही, घड्याळावर काम आणि रोख पगार, एवढे तरी मिळेल या आशेने ती आली.

गिरणीत मात्र जात दारावरच उभी होती. अस्पृश्य कामगाराला रिंगखात्यात, साफसफाईत, हमालीत काम मिळे. साचाखात्यात, म्हणजे विणकाम विभागात, त्याला घेत नसत. कारण काय? धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी बसवताना सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाच धोट्याला अनेकांचे तोंड लागणार, मग अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगार कसा वापरणार? आणि साचाखात्यातला पगार कातणीपेक्षा बराच जास्त होता. म्हणजे विटाळाच्या नावाखाली पगारावरच कुंपण घातलेले होते. हे कुंपण एकट्या मालकाने घातले नव्हते. सोबत काम करणाऱ्या, लाल बावट्याखाली घोषणा देणाऱ्या सवर्ण कामगारानेही ते राखले होते.

1928 चा मोठा संप सुमारे सहा महिने चालला. त्या वेळी बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांपुढे हा प्रश्न रोखठोक ठेवला. सर्व खाती अस्पृश्यांना खुली करा ही मागणी तुमच्या मागण्यांत घाला, नाहीतर आमचा कामगार तुमच्या संपात कशासाठी उपाशी मरेल? पुढाऱ्यांनी मागणी घेतली, पण नाखुशीने. मालकांनी तर अंगच झटकले. हा अन्याय असेल, पण त्याला आम्ही जबाबदार नाही, अशी त्यांची भूमिका होती. पुढे हे कुंपण हळूहळू ढिले झाले, पण ‘कामगार एकजूट’ या शब्दाच्या आत काय दडलेले असू शकते, हे आपल्या समाजाने तेव्हाच पाहिले.

‘स्वतंत्र’ हा शब्द आपला होता

आज लोअर परळच्या जाहिरातीत ‘स्वतंत्र दुकाने’, ‘स्वतंत्र डिझायनर’, ‘स्वतंत्र कलावंत’ असे शब्द वाचायला मिळतात. मोठ्या कंपन्यांच्या साखळीत नसलेले, स्वतःच्या हिमतीवर चालणारे, असा त्याचा अर्थ. याच परळात या शब्दाला एक जुना इतिहास आहे. बाबासाहेब 1912 पासून जवळजवळ दोन दशके परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहिले. 1924 मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना परळच्याच दामोदर हॉलमध्ये झाली. आणि 1936 मध्ये त्यांनी काढलेल्या पक्षाचे नाव होते स्वतंत्र मजूर पक्ष.

तो कोणापासून स्वतंत्र होता? काँग्रेसच्या भांडवलदार-जमीनदार मंडळींपासून, आणि जातीकडे डोळेझाक करणाऱ्या डाव्या पुढाऱ्यांपासूनही. 1938 च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतल्या दलित कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले : ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. त्याच वर्षी मुंबई सरकारने औद्योगिक कलह विधेयक आणले. संपाच्या हक्कावर बंधने घालणाऱ्या या विधेयकाविरुद्ध 7 नोव्हेंबर 1938 रोजी एक दिवसाचा संप झाला. स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट त्या दिवशी एकत्र उभे राहिले आणि परळच्या कामगार मैदानावर प्रचंड सभा झाली. म्हणजे स्वतंत्र असणे म्हणजे एकटे पडणे नव्हते. आपल्या अटींवर दुसऱ्याशी हात मिळवता येणे, हा त्याचा अर्थ होता.

विधेयक तरीही कायदा झाले. त्याची जागा पुढे 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने घेतली. गिरणी उद्योगात एकाच संघटनेला कामगारांची अधिकृत प्रतिनिधी मानण्याची पद्धत याच कायद्याने घट्ट केली. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा पगारवाढ आणि बदली कामगारांना कायम करणे यांच्याबरोबर हा कायदा रद्द करण्याची मागणीही होती. 1938 मध्ये ज्या वाटेवरचा धोका बाबासाहेबांनी दाखवला होता, त्याच वाटेवर 44 वर्षांनी गिरणगाव अडकून पडले. संप कधी रीतसर मागे घेतला गेला नाही. लाखाहून अधिक कामगारांची नोकरी मात्र कायमची गेली.

उजाड कोणी केले?

संपानंतर गिरणगाव मेले होते, असे म्हणणाऱ्यांनी त्या काळचे गिरणगाव पाहिलेले नसावे. भोंगे बंद पडले, माणसे होती. लालबागची चिवडा गल्ली होती, मसाल्याची दुकाने आणि डंख होते, खानावळी होत्या. एकट्या कामगारांना डबा पुरवणाऱ्या बायकांनी 1975 मध्ये प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केलेच होते. पगार बंद झालेल्या घरांनी वडापावची गाडी लावली, भाजी विकली, शिवणयंत्र चालवले. स्वतःच्या हिमतीवर चालणारी दुकाने म्हणजेच स्वतंत्र बाजार असेल, तर तो गिरणगावात आधीपासून होता. त्याला कुणी ‘पुनरुज्जीवन’ म्हटले नाही, कारण त्याच्याकडे जमीन नव्हती. तो फुटपाथवर होता.

जमीन गिरण्यांच्या कुंपणाआड होती. सुमारे 600 एकर, शहराच्या मधोमध. यातली काही जमीन सरकार-पालिकेकडून भाडेपट्ट्याने मिळालेली, आणि सगळीची किंमत वाढली ती शहराने आणि कामगारांनी घाम गाळून भोवतीचे सारे उभे केल्यामुळे. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या कलम 58 ने तिची तीन भागांत वाटणी सांगितली : एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला, एक तृतीयांश मालकाला. जमीन विकून गिरणी सुधारावी आणि कामगारांची देणी द्यावीत, असा हेतू सांगितला गेला. 1996 मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या समितीने या जमिनींचा एकत्रित विचार करून आराखडाही सुचवला. तो कागदावरच राहिला.

मग 2001 मध्ये नियम बदलला. तीन वाटे एकूण जमिनीचे करायचे नाहीत, फक्त ज्या जागेवर बांधकाम नाही तेवढ्या मोकळ्या जमिनीचेच करायचे. गिरणी म्हणजे शेडच शेड. मोकळी जागा असणार किती? एका ओळीच्या दुरुस्तीने मैदाने आणि घरे हवेत विरली. 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या वाटणीच्या विरोधात निकाल दिला, पण मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि 2001 ची दुरुस्ती कायम ठेवली.

आता लक्षात घ्या, जुन्या शेड तशाच ठेवून त्यात दुकाने काढण्याची ‘कल्पकता’ कुठून आली. जुन्या वास्तूवर प्रेम करणारे लोक त्यात असतील, आम्ही नाकारत नाही. पण शेड उभी ठेवली तर जमीन वाटावी लागत नाही, हा हिशेबही त्यात होता. फिनिक्स मिलच्या आवारात मॉल आला आणि धुराडे शोभेला राहिले. रघुवंशी मिलमध्ये गृहसजावटीची दालने आली. मथुरादास मिलच्या आवारात 2007 मध्ये ब्लू फ्रॉग हा संगीताचा क्लब सुरू झाला आणि 2016 मध्ये बंदही झाला. कमला मिलच्या आवारात हॉटेले आणि कार्यालये दाटली.

सरकारी गिरण्यांचे तरी वेगळे झाले का? 1947 मध्ये संविधान सभेसाठी लिहिलेल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात बाबासाहेबांनी मूलभूत उद्योग आणि जमीन राज्याच्या मालकीची असावी असे मांडले होते. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे मुंबईतल्या 25 गिरण्या होत्या, म्हणजे लोकांच्या मालकीची जमीन होती. 2005 मध्ये त्यातल्या काहींचा लिलाव झाला. ज्युपिटर मिल 276 कोटींना गेली, मुंबई टेक्स्टाईल मिल 702 कोटींना. नुसते राष्ट्रीयीकरण पुरत नाही. राज्य कोणाच्या हातात आहे हा प्रश्न त्याच्या आधी येतो, हे आपण यातून शिकायला हवे.

मँचेस्टरचा धडा

मुंबईच्या गिरण्यांना यंत्रे ज्या लँकेशायरमधून आली आणि ज्याच्याशी मुंबईच्या कापडाची स्पर्धा होती, त्या लँकेशायरची राजधानी म्हणजे मँचेस्टर. तिथलेही कापड बुडाले. तिथेही कापडाच्या वखारींचा मध्यवर्ती भाग ओस पडला. आज तो ‘नॉर्दर्न क्वार्टर’ म्हणून छोट्या स्वतंत्र दुकानांसाठी ओळखला जातो. त्याची एक सुरुवात झाली 1982 मध्ये, म्हणजे नेमकी आपल्या संपाच्या वर्षी. एका बंद पडलेल्या जुन्या मोठ्या दुकानाच्या इमारतीत ‘ॲफ्लेक्स पॅलेस’ नावाचा बाजार उघडला. तिथे छोटे गाळे होते, भाडे कमी होते आणि लांब मुदतीच्या कराराची सक्ती नव्हती. ज्याच्याकडे भांडवल नाही पण हातात कसब आहे, अशा पोरापोरींना तिथे धंदा सुरू करता आला.

मँचेस्टर स्वर्ग आहे असे कुणी समजू नये. भाग नावारूपाला आला तसे तिथलेही भाडे वाढले, महागडे फ्लॅट आले. पण धडा साधा आहे. दुकान स्वतंत्र होते ते मालकाच्या आवडीनिवडीमुळे होत नाही. कमी भाडे आणि पाय ठेवायला जागा मिळाली तरच होते. लोअर परळमध्ये ही अट पहिल्या दिवसापासून नव्हती. तिथल्या गाळ्याचे भाडे भरू शकणारा माणूस आधीच भांडवल, नातेसंबंध, इंग्रजी आणि आडनाव घेऊन आला होता. ते दुकान मोठ्या साखळीपासून स्वतंत्र असेल. जातीपासून स्वतंत्र नव्हते.

नवे साचाखाते

आता पुन्हा धोट्याकडे येऊ. आज कुणी कुणाचे तोंड लागले म्हणून हाकलत नाही. तरी आपल्या वस्तीतली पोरे या आवारांत कुठल्या दाराने जातात ते पाहा. निळा-खाकी गणवेश घालून सुरक्षारक्षक म्हणून, हाऊसकीपिंगची बादली घेऊन, मागच्या जिन्याने पार्सल उचलायला. बहुतेक जण कंत्राटदाराकडे, बऱ्याचदा वर्षभराच्या करारावर. गिरणीतला बदली कामगार निदान रोज गेटवर उभा राहून कायम होण्याची मागणी तरी करत होता. सरकारी गिरणीत आरक्षणाचा आधार होता. खाजगी दुकानाला आरक्षण लागू नाही. डिझायनर, खरेदी अधिकारी, व्यवस्थापक ही नवी साचाखाती आहेत, आणि तिथे जाण्यासाठी लागणारे शिक्षण, भाषा आणि ओळखी यांचे कुंपण धोट्यापेक्षा चिवट आहे. त्यावर ‘गुणवत्ता’ अशी पाटी आहे, म्हणून ते दिसत नाही.

आणि जीव? तोही आधी कष्टकऱ्याचाच जातो. हजारो कार्यालये आणि दुकाने उभी केली, पण रस्ते आणि पूल गिरणीच्या काळातलेच ठेवले. 29 सप्टेंबर 2017 रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत 23 माणसे मेली. बरोबर तीन महिन्यांनी, 29 डिसेंबरला, कमला मिलच्या आवारातल्या गच्चीवरच्या हॉटेलांना लागलेल्या आगीत 14 जण गेले. जी जमीन शहराला मोकळ्या जागेसाठी मिळायची होती ती मिळाली नाही, तेव्हा त्याची किंमत कोणीतरी चुकवणारच होते.

ज्यांनी गिरण्या चालवल्या त्यांच्या घरांचे काय? म्हाडाकडे गिरणी कामगार आणि वारसांचे दीड लाखाहून अधिक अर्ज आले. 2012 च्या सोडतीत 6,925 घरे होती. त्यानंतरच्या सोडती धरूनही अर्ज आणि घरे यांचा मेळ बसत नाही. आता शेलू आणि वांगणीकडे बोट दाखवले जाते. ज्याच्या हाताने मुंबई उभी राहिली, त्याने मुंबई पाहायला लोकलने यावे.

आपल्या हातात काय आहे?

एक गिरणी मात्र या वाटेने गेली नाही. दादरची इंदू मिल, सुमारे 12 एकर, चैत्यभूमीला लागून, राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या मालकीची. 6 डिसेंबर 2011 रोजी आंबेडकरी कार्यकर्ते त्या आवारात शिरले आणि ठाण मांडून बसले. पुढच्याच वर्षी जागा स्मारकासाठी देण्याचा निर्णय झाला, 2015 मध्ये भूमिपूजन झाले. जमिनीचा वापर बाजारच ठरवतो, तिथे कुणाचे काही चालत नाही, असे सांगणाऱ्यांना इंदू मिल हे उत्तर आहे. संघटित समाज रस्त्यावर आला की आराखडा बदलतो.

पण आपण स्मारकावर थांबलो तर चूक होईल. दरवर्षी 6 डिसेंबरला शिवाजी पार्कवर काय उभे राहते ते आठवा. पुस्तकांचे शेकडो स्टॉल, छोटे प्रकाशक, बुद्ध-बाबासाहेबांच्या मूर्ती घडवणारे कारागीर, कॅलेंडरे, गीतांच्या ध्वनिफिती, निळे झेंडे. नागपूरच्या दीक्षाभूमीवरही धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तेच. कुठल्याही साखळीचा नाही, कुठल्या बिल्डरने वसवला नाही, असा हा बाजार आहे. एक मोठा स्वतंत्र पुस्तकबाजार आपल्या घरातच भरतो आणि दोन-तीन दिवसांत उठून जातो, कारण त्याला पत्ता नाही. विकणारे आहेत, घेणारे आहेत, गाळा नाही.

म्हणून काही मागण्या नेमक्या करायला हव्यात. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग इथल्या बीडीडी चाळींचा पुनर्विकास म्हाडा करत आहे. 1920 च्या दशकात बांधलेल्या या चाळींत आपल्या पिढ्या राहिल्या. जानेवारी 1974 मध्ये वरळीत पँथरवर हल्ले झाले ते याच चाळींच्या आवारात, आणि त्या काळातच भागवत जाधव शहीद झाले. तिथे घरे मिळणे हा हक्क आहे, पण तेवढ्यावर समाधान मानू नका. तिथे येणाऱ्या व्यापारी जागेत छोटे गाळे किती, भाडे किती, आणि चाळीतल्या शिलाईवाल्या, मसालेवाल्या बायांना, मूर्तिकाराला, पुस्तकवाल्याला त्यात हिस्सा किती, हे आत्ताच विचारा. इमारत उभी राहिल्यावर विचारून उपयोग नाही.

दुसरे, 2014 चा फेरीवाला कायदा वाचा. नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य फेरीवाल्यांनी निवडून दिलेले असावे लागतात आणि त्यांत अनुसूचित जाती, जमाती, महिला यांना प्रतिनिधित्व द्यावे लागते. आपल्या प्रभागातल्या फेरीवाल्यांची नोंदणी झाली का, निवडणुकीत आपला उमेदवार कोण, हे काम कुठल्याही मोर्चाइतकेच राजकीय आहे. तिसरे, केंद्राच्या 2012 च्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योजकांकडून 4 टक्के खरेदीचे उद्दिष्ट आहे. सरकारी खरेदीत हे तत्त्व मान्य असेल, तर सरकारी सवलतीने, वाढीव चटई क्षेत्राने उभ्या राहिलेल्या दुकानांच्या गाळ्यांतही ते मागायला काय हरकत आहे?

साचाखाते उघडा, असे बाबासाहेबांनी 1928 मध्ये म्हटले, तेव्हा त्यांना गिरणी बंद पाडायची नव्हती. आपल्या माणसाला चांगल्या कामाच्या जागी उभे करायचे होते. आज तीच मागणी शोरूमच्या दारात करायची आहे : आम्हाला केवळ पहारा द्यायला बोलावू नका, गाळा द्या. जाहिरातीतला ‘स्वतंत्र’ हा शब्द भाड्याने मिळतो. 1936 मधला ‘स्वतंत्र’ संघटनेने मिळवावा लागला होता. तो पुन्हा मिळवण्याची पाळी आता आपली आहे.

जय भीम!